चोवीसपैकी राहिलेले सहा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थविषयक पानावर बंदरांतल्या तपासण्यांवर एक लेख आला होता. परदेशातून आलेले कंटेनर कीड-रोगाच्या तपासणीसाठी दोन-दोन, तीन-तीन दिवस अडकतात, डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढतं, कारखान्यांची यंत्रं वेळेवर पोचत नाहीत, तेव्हा कागद बरोबर असतील तर माल चोवीस तासांत सुटलाच पाहिजे, अशी त्यात मागणी होती. लेखकाचा अभ्यास आहे, यात वाद नाही. कंटेनर थांबला की कुणाचं किती जातं, हे त्यांनी पैशापैशानं मांडलंय. एक खातं मात्र राहिलं. त्या खात्याचा धनी बंदराकडे कधी फिरकत नाही, म्हणून राहिलं असेल.

मी न्हावा शेव्याच्या आसपासच्या यार्डांत सव्वीस वर्षं धुरी देण्याचं काम केलं. आता उरणला घरी असतो. मूळ गाव जुन्नर तालुक्यातलं, तिथे थोरला भाऊ शेती करतो. शिक्षण बारावी. त्यामुळे अर्थशास्त्रातलं मला फार कळत नाही, पण 'कागद बरोबर असतील तर' या चार शब्दांबद्दल मी जे सांगू शकतो ते अर्थतज्ज्ञ सांगू शकणार नाहीत. कारण ते कागद बरोबर करण्याचं काम माझ्याकडे होतं.

आधी धुरीबद्दल. लोकांना वाटतं डासांच्या गाडीसारखा धूर सोडत असतील. तसं नसतं. मिथाइल ब्रोमाइड नावाचा वायू असतो. रंग नाही, कामापुरत्या प्रमाणात वासही नाही. हवेपेक्षा तिपटीहून जड. माणसाला कळावं म्हणून त्यात दोन टक्के क्लोरोपिक्रिन मिसळतात, म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा वायू. डोळे चुरचुरले की पळायचं, हा पहिला धडा. माल ताडपत्रीसारख्या जाड प्लास्टिकखाली झाकायचा, कडेनं वाळू भरलेल्या लांब पिशव्या लावायच्या. आम्ही त्यांना 'साप' म्हणायचो. मग सिलिंडरमधला वायू गरम पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या नळीतून आत सोडायचा. कुठे गळतंय का हे पाहायला पूर्वी एक दिवा असायचा, गॅस लागला की त्याची ज्योत हिरवी-निळी व्हायची. अंधारात ती ज्योत फार सुंदर दिसायची, आणि ती सुंदर दिसली की आपण चुकीच्या जागी उभे आहोत हेही कळायचं.

लाकडाच्या पॅकिंगसाठी हिशेब असा. एका घनमीटरला ४८ ग्रॅम वायू, हवा २१ अंशांची किंवा त्याहून गरम, वेळ २४ तास. आणि चोवीस तासांनी मोजलं तर निम्मा, म्हणजे २४ ग्रॅम, वायू अजून आत असला पाहिजे. तेवढा नसेल तर धुरी झाली नाही असं धरायचं. आता कुणी विचारील, किडा तर तासाभरात मरत असेल, चोवीस तास कशाला? पंखवाला किडा लवकर मरतो, खरं आहे. पण लाकडाच्या पोटात अळी असते, अंडी असतात, कोष असतात. त्यांचा श्वास मंद. वायू लाकडात झिरपायलाच वेळ लागतो. पहिले अठरा तास सोप्या किड्यांचे असतात, शेवटचे सहा अवघडांचे, असं आम्हाला शिकवणारे एक जुने साहेब सांगत. शास्त्रात हे असंच बसतं की नाही ठाऊक नाही, पण माझ्या डोक्यात ते तसंच बसलंय.

हा लाकडाचा नियम जगभर २००२ मध्ये ठरला. त्यामागची हकिकत आम्हाला प्रशिक्षणात सांगितली होती. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांना बोटभर जाडीची भोकं दिसायला लागली. लांब मिशांचा, काळ्यावर पांढरे ठिपके असलेला आशियाई भुंगेरा. चीनहून मालाभोवती आलेल्या लाकडातून उतरला होता. त्यापायी हजारो झाडं तोडावी लागली. कंटेनरमध्ये माल काय होता हे आज कुणाला आठवतही नसेल. किडा मालात नव्हताच, मालाभोवतीच्या फळ्यांत होता.

तेव्हापासून अशा लाकडावर शिक्का असतो. गव्हाच्या ओंबीसारखं चित्र, देशाची दोन अक्षरं, आकडा, आणि शेवटी 'एचटी' किंवा 'एमबी'. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय, एमबी म्हणजे आमच्यासारख्या कुणीतरी वायू दिलाय. हल्ली पुण्यात जुन्या पॅलेटची टेबलं-बाकं असलेली हॉटेलं निघाली आहेत. पुतण्या मला एकदा तसल्या ठिकाणी कॉफी प्यायला घेऊन गेला. मी मेनू बघायच्या आधी वाकून टेबलाखालचा शिक्का बघितला. पुतण्याला लाज वाटली. एमबी होता. मी माझी कॉफी त्या फळीवर ठेवली नाही, मांडीवर धरून प्यालो.

आता जे सांगायचंय ते सांगतो. २००९ चा पावसाळा. एका आयातदाराचं यंत्र आलं होतं, सात लाकडी खोक्यांत. खोक्यांवर शिक्का नव्हता, म्हणून इथे धुरी देऊनच सोडायचं ठरलं. दुपारी तीनला मी वायू सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उघडायचं. सकाळी आठला क्लिअरिंग एजंटचा, म्हणजे बंदरातून माल सोडवून देणाऱ्याचा, माणूस आला. ट्रेलर लागलाय, कारखान्यात फिटर मंडळी बाहेरगावाहून येऊन बसलीत, पाऊस वाढला तर घाटात गाडी अडकेल, हॉटेलचं बिल चढतंय. त्यानं पैसे काढले नाहीत. तसं केलं असतं तर मी कदाचित चिडून हाकलला असता. तो फक्त दर वीस मिनिटांनी येऊन माझ्या शेजारी उभा राहायचा आणि घड्याळ बघायचा. एक कटिंग पाजला. नऊला मी ताडपत्री उचलली. रजिस्टरमध्ये चोवीस तास लिहिले. शेवटचं मोजमाप अंदाजानं २६ ग्रॅम लिहिलं. कागद बरोबर झाले. माल सुटला.

पुढे काय झालं? काहीच नाही. यंत्र बसलं, खोकी कुणीतरी भंगारात विकली असतील किंवा चहाच्या टपरीला जाळायला दिली असतील. कुठे कसला किडा निघाल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे मी सहा तास वाचवले ते बरोबरच केलं का? हे मला आजही सांगता येत नाही, कुणालाच येणार नाही. धुरी नीट झाली तरी काही दिसत नाही आणि नीट झाली नाही तरी त्या दिवशी काही दिसत नाही. दिसतं ते पाच-सात वर्षांनी, दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच्या रानात. तेव्हा कुणी रजिस्टर उघडत नाही.

ते रान माझ्या भावाचंच निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

नारायणगावच्या टोमॅटोबद्दल आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे उन्हाळी टोमॅटो सव्वा एकर असतो. २०१५ च्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला, पानं कागदासारखी व्हायला लागलीत. मी सुट्टीत गेलो. पानांवर पांढुरके, फुगल्यासारखे डाग. उजेडात धरलं की पानाच्या दोन पडद्यांच्या मधे अळी फिरताना दिसायची, आपल्या नागअळीसारखीच, पण पट्टा रुंद. फळांवर देठाजवळ टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. बाहेरून लालभडक, आत घाण. तोड्याला शंभर-सव्वाशे कॅरेट निघायचे तिथे चाळीसवर आले, आणि त्यातलेही व्यापाऱ्यानं निवडून बाजूला काढले. दादा एक दिवसाआड फवारत होता. ज्या औषधानं नेहमीची फळ पोखरणारी अळी जायची, ते हिच्यापुढे पाण्यासारखं.

कृषी सहायकानं नाव सांगितलं, टुटा. मूळची दक्षिण अमेरिकेतली. २००६ मध्ये स्पेनला पोचली, तिथून भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं पसरली, आणि भारतात पहिल्यांदा सापडली ती २०१४ मध्ये, आमच्याच पुणे जिल्ह्यात. मग कामगंध सापळे आले, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. पाण्याच्या पाटीवर टांगलेली ती लालसर रबराची गोळी, खाली तरंगणारे करड्या रंगाचे चिमुकले पतंग. पहिल्या रात्रीचे दादानं मोजले. दुसऱ्या रात्रीपासून मोजायचं सोडून दिलं.

त्या संध्याकाळी बांधावर बसलो असताना दादानं विचारलं, "तू तिथंच असतोस ना रे, बंदरात? मग हे आत कसं आलं?"

मी सांगितलं की हे बंदरातूनच आलं असेल असं नाही, विमानानं आलं असेल, कुणाच्या रोपांतून, फळांच्या खोक्यांतून आलं असेल, ठरवता येत नाही. ते खरंच होतं. लाकडाच्या खोक्यातून टोमॅटोची अळी येत नाही, एवढं तर मला कळतं. म्हणजे माझ्या त्या सहा तासांचा आणि दादाच्या सव्वा एकराचा काही संबंध नाही. तरी मी त्याच्याकडे न बघता बोलत होतो, हे मला जाणवत होतं. कारण कुणीतरी, कुठेतरी, कसल्यातरी घाईत असंच काहीतरी उचललं असणार. त्याचंही नाव चांगलं असेल, त्याच्याही रजिस्टरात सगळं बरोबर असेल.

लेखकमहाशयांच्या हिशेबात हे खातं धरायचं राहिलंय. डेमरेजची पावती मिळते. दादाला पावती कुणी दिली?

हे काही आजचं नाही. गाजरगवत पुण्यातलं म्हातारं माणूसही आपलं जुनंच समजतं, पण पुण्याच्या उकिरड्यांवर ते पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं १९५५ च्या सुमाराला. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. काही भागात त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. एक झाड हजारोंनी बी टाकतं. जनावर तोंड लावत नाही, माणसाच्या अंगाला खाज, काहींना दमा. आमच्या आईच्या हातापायांवर दर पावसाळ्यात त्याचे चट्टे उठायचे आणि ती खोबरेल लावून खुरपायला जायची. पुढे १९८३ मध्ये मेक्सिकोतून त्याचा भुंगेरा आणला, बेंगळुरूला बंदिस्त ठेवून तो आपल्या पिकांना खात नाही ना याची परीक्षा घेतली आणि मग सोडला. गवत आलं तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, आणि गवत खाणाऱ्या किड्याची मात्र परीक्षा. हसू येतं, पण तीच रीत बरोबर आहे. तसंच पपईच्या पिठ्या ढेकणाचं. तो २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, दोन वर्षांत आपल्याकडे आला, आणि शेवटी पोर्तो रिकोहून त्याचा शत्रू असलेली बारीक गांधीलमाशी मागवावी लागली. ती लागू पडली, नशीब आपलं. प्रत्येक किड्याला असा जावई मिळत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी फक्त आपल्या धंद्याची वकिली केली असं होईल. सगळं काही तपासणीनं थांबत नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी सोलापूरपर्यंत आली. तिचा पतंग एका रात्रीत कोसच्या कोस उडतो. त्याला सीलबंद कंटेनरची गरज नाही. शिवाय आम्ही जो वायू वापरतो तो ओझोनचा थर खातो. बाकी कामांसाठी तो जगानं बंद केलाय, या एका कामापुरता ठेवलाय. म्हणजे धुरी हे काही पुण्यकर्म नाही. आणि अधिकारीही देवमाणसं नसतात. एखादा खरोखर परखी खुपसून पोत्याच्या मधला दाणा काढून, चाळून, भिंगाखाली धरतो. एखादा दारातल्या पहिल्या पोत्यावर हात फिरवतो. तिष्ठत ठेवणारेही असतात. त्यांच्यावर लेखकानं टीका केली ती मला मान्य आहे.

पण आपण सगळेच सोयीनं वाकतो. डाळींचंच घ्या. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार बाहेरून येणाऱ्या कडधान्याला निघतानाच मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली लागायची. कॅनडातून वाटाणा, मसूर भरपूर यायचा. तिकडे थंडीत ही धुरी नीट होत नाही, म्हणून सवलत मागितली गेली. सवलत दिली. मग ती वाढवली. मग पुन्हा वाढवली. अशी वर्षानुवर्षं. मग ठरलं की इथे उतरल्यावर धुरी द्या आणि तपासणी शुल्काच्या पाचपट दंड भरा. दंड भरून माल आत येत राहिला. त्या धुरींतल्या किती तरी मीच दिल्या आहेत, ओव्हरटाइम घेऊन. आणि घरी डाळ महाग झाली की मीही सरकारला शिव्या देत होतो. तेव्हा दोष एकट्या कुणाला देऊ?

दुसऱ्यांच्या तपासणीबद्दल आपण काय बोलतो तेही बघा. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपनं आपला हापूस बंद केला तेव्हा केवढा गहजब झाला होता. त्यांचं म्हणणं होतं की २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळ-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या, फळमाशी वगैरे. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद झाले होते, पण पडवळासाठी कोण रडणार? पुढे आपल्याकडे पॅक हाउसची तपासणी कडक झाली, आंब्याला गरम पाण्याची प्रक्रिया सक्तीची झाली, आणि २०१५ च्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठली. मला त्या वेळी सगळ्यात जास्त लागलं ते २०७ या आकड्याचं. त्यांनी मोजलं होतं! प्रत्येक खेप, कुठला माल, कुठला किडा. आणि ते ही यादी महिन्याच्या महिन्याला उघड करतात.

मग २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत आपल्या आंब्याच्या १५ खेपा नाकारल्या गेल्या. नवी मुंबईत विकिरण (किडीसाठी फळांवर किरणांचा मारा) झालं होतं असं निर्यातदारांचं म्हणणं, पण त्याच्या कागदात चूक निघाली. परत आणणं परवडेना म्हणून फळं तिथेच नष्ट केली. सुमारे ५ लाख डॉलरचं नुकसान झाल्याच्या बातम्या होत्या. त्या वाचताना मला माझं रजिस्टर आठवलं. तिथे फळ बरोबर होतं आणि कागद चुकला, तर फळ कचऱ्यात गेलं. माझ्याकडे कागद बरोबर होता आणि धुरी चुकली, तर माल वाजत-गाजत गेला. 'कागद बरोबर असतील तर सोडा' म्हणणाऱ्यांनी या दोन्हींचा विचार करावा.

एक घरचा किस्सा सांगतो. मुलगी न्यू जर्सीला असते. २०१६ मध्ये तिच्या बाळंतपणाला आमची मंडळी एकटीच गेली. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, शतावरी, आणि बाळंतिणीला मऊ भात लागतो म्हणून तीन किलो आंबेमोहोर. तिथल्या विमानतळावर लाडू सोडले, तांदूळ काढून ठेवला. फोनवर ती रडकुंडीला आलेली. "आपला तांदूळ कचऱ्यात टाकला हो! आपल्या तांदळात काय असतंय?"

मला माहीत होतं काय असतंय. खपरा. आपल्याकडे गोदामात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. तांबूस केसाळ अळी, भिंतीच्या भेगेत अन्नाशिवाय वर्षानुवर्षं पडून राहते आणि धान्य आलं की पुन्हा जागी होते. जगाच्या नियमपुस्तकांत त्याचं नावसुद्धा आपलंच आहे, खपरा बीटल. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा अख्खीच्या अख्खी गोदामं तंबूसारखी झाकून त्यांनी हाच मिथाइल ब्रोमाइड आत सोडला. ते काम १९६६ पर्यंत चाललं होतं. ज्यानं तेरा वर्षं गोदामं झाकली तो आमच्या मंडळींचे तीन किलो बघून हसणार नाही. २०११ पासून खपरा असलेल्या देशांतून प्रवाशांच्या सामानातला तांदूळ ते घेतच नाहीत. मी फोनवर तिला हे सगळं समजावून सांगायला लागलो. अशा वेळी समजावून सांगू नये, हे मला त्या दिवशी कळलं. पण खरं सांगू का, मनातून मला त्या अनोळखी अधिकाऱ्याचं बरं वाटलं. त्याच्या मागेही रांग असणार. त्याच्याही शेजारी कुणीतरी घड्याळ बघत उभं असणार.

आता लेखातल्या मागणीकडे येतो. माल लवकर सुटावा याला माझा विरोध नाही. त्यासाठी तपासणीला माणसं वाढवा, रात्रपाळी लावा, नमुने तपासायची प्रयोगशाळा यार्डाच्या जवळ आणा. थांबण्यातला वेळ वाचवा. धुरीचा, चाळण्याचा, भिंगाखाली बघण्याचा वेळ तोडू नका. कंटेनरचे तीन दिवस कशात जातात ते एकदा घड्याळ लावून बघा. आमचा अनुभव असा की बहुतेक वेळ रांगेत, सहीत, हलवाहलवीत, सील तोडायला माणूस नाही म्हणून जातो. यार्डात मात्र प्रत्येक जण एकच विचारतो, 'पीक्यू झालं का?' पीक्यू म्हणजे प्लांट क्वारंटाइन, कीड-रोगाची तपासणी. जणू बाकी सगळं घड्याळाच्या काट्यावर झालंय.

आणि मोजमाप माझ्यासारख्याच्या पेनावर सोडू नका. वायू किती, किती वाजता, हे आपोआप नोंदवून ठेवणारी मीटर मिळतात. ती नोंद ज्याला बदलता येणार नाही अशा ठिकाणी जाऊ द्या. माझ्या वेळी तसं मीटर असतं तर एजंटच्या माणसाला मी म्हणालो असतो, बाबा, यंत्र ऐकत नाही. माझी सुटका झाली असती.

कायद्याचंही बघावं. आपल्याकडचा मूळ कायदा १९१४ चा, इंग्रजांनी केलेला. त्याखाली २००३ चा आदेश. २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षेसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, लोकसभेची मुदत संपली तसं तेही गेलं. त्यावर मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. टोमॅटोला भाव नाही म्हणून आम्ही रस्त्यावर कॅरेट ओततो, पण ही अळी आली कुठून म्हणून कुणी कुठल्या दारात बसलं नाही. दादासुद्धा नाही. त्यानं दुसऱ्या वर्षी निम्म्या रानात टोमॅटो लावला, निम्म्यात कांदा.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. आपल्या पेपरात रोज बाजारभाव येतात, नारायणगाव, लासलगाव, वाशी. त्याच पानावर महिन्यातून एकदा चार ओळी छापाव्यात. या महिन्यात आपल्या बंदरांवर, विमानतळांवर कुठल्या देशाच्या कुठल्या मालात कुठली कीड सापडली, आणि त्या मालाचं काय केलं. माहिती सरकारकडून मिळवायला आपल्या बातमीदारांना जड जाऊ नये. लॅटिन नावाच्या शेजारी मराठी नाव द्यावं, आणि ती कुठल्या पिकावर पडते तेवढं लिहावं. दादा भावांचं पान आधी वाचतो, मग मृत्युलेख, मग बाकीचा पेपर. त्याच्या नजरेला ते पडेल.

माझं नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबतच्या कागदावर दिला आहे. रजिस्टरचा उल्लेख असल्यामुळे नाव-पत्ता छापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त धुरीवाला, उरण

ता. क. – पत्र मंडळींना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं आहे की आंबेमोहोराचं लिहिलंतच तर हेही लिहा, की तो तांदूळ मी उन्हात घालून दोनदा निवडला होता, आणि त्यात एक खडासुद्धा नव्हता.